डोळ्यांनी शिकणाऱ्यांचा वर्ग: रिकाम्या खोलीपासून सुरुवात

माझ्या पहिल्याच वर्गात एक मुलगी होती. मी शिकवायला उभी राहिले की ती भुवयांवर तळहात आडवा धरायची, उन्हात लांबचं बघताना धरतो तसा. सांकेतिक भाषा मी तेव्हा नुकतीच शिकत होते. ही कुठलीतरी खूण असणार, असं समजून मी दोन आठवडे तिचा अर्थ शोधत बसले. अर्थ काहीच नव्हता. माझ्या पाठीमागे खिडकी होती, खिडकीत सकाळचं ऊन होतं आणि त्या झगमगाटापुढे माझा चेहरा नि हात तिला नुसते काळे दिसत होते. मी टेबल चार पावलं बाजूला सरकवलं आणि तिचा हात खाली आला.

तेव्हापासून बधिर मुलांचे बरेच वर्ग मांडले, काही मोडून पुन्हा मांडले. नव्याने हे काम हाती घेणाऱ्यांसाठी त्यातलं उपयोगाचं इथे लिहिते आहे. तुमच्याकडे बधिर मुलांची शाळा असेल, सर्वसाधारण शाळेत दुभाष्यासह बसणारी दोन मुलं असतील किंवा ऐकणाऱ्या मोठ्यांना सांकेतिक भाषा शिकवायचा वर्ग असेल. खोलीचं गणित फारसं बदलत नाही.

गणित एका गोष्टीवर उभं आहे. ऐकणारं मूल वहीत बघतं, खिडकीबाहेर बघतं, पेन्सिलीला टोक काढतं आणि तरी शिक्षकाचं वाक्य त्याच्या कानात पडतं. डोळ्यांनी ऐकणाऱ्या मुलाला ही सवलत नाही. त्याची नजर एका वेळी एकाच जागी असते. वहीत बघितलं तर वाक्य गेलं, शेजाऱ्याकडे बघितलं तर फळा गेला. खोलीत काहीही ठेवताना, टांगताना, रंगवताना हा प्रश्न विचारायचा: यामुळे नजरेला एक फेरी जास्त पडते की कमी?

हे असं वेगळं सांगावं का लागतं, तर बहुतेक वर्ग कानांसाठीच बांधले गेले. १८८० साली मिलानमध्ये बधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तिने सांकेतिक भाषेऐवजी तोंडी बोलण्यातूनच शिकवावं असा ठराव केला. त्यानंतर कित्येक पिढ्या ही भाषा वर्गाबाहेर, वसतिगृहात आणि मैदानात जगली. बधिर माणसांच्या वावरण्यावरून इमारत आखायची, हा विचार पद्धतशीरपणे मांडला गेला तो पार २००५ मध्ये. वॉशिंग्टनमधल्या, बधिर विद्यार्थ्यांसाठी असलेल्या गॅलोडेट विद्यापीठात वास्तुविशारद हॅन्सेल बाउमन यांनी तिथल्या बधिर मंडळींबरोबर ‘डेफस्पेस’ हा प्रकल्प सुरू केला. त्यातून दीडशेहून अधिक रचना-सूत्रं निघाली: नजरेचा पल्ला, माणसांमधलं अंतर, चालता चालता बोलणं, उजेड नि रंग, आवाज नि कंप अशा पाच गटांत बसवलेली. ती सगळी पाठ करायची गरज नाही. एका खोलीपुरतं जे लागतं ते पुढे आहे.

आधी खुर्चीत बसा

नकाशा काढण्याआधी, सुतार बोलावण्याआधी, रिकाम्या खोलीत एक खुर्ची आणि एक माणूस घेऊन जा. तो माणूस शिक्षक जिथे उभा राहणार तिथे उभा राहील. तुम्ही मुलाच्या जागी बसा आणि फोनचा कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा. प्राथमिक शाळेतलं मूल बसलं की ही उंची जमिनीपासून साधारण एक मीटर भरते. फोटो काढा. पुढच्या जागेवर सरका, पुन्हा काढा. मागे खिडकी असेल तर कॅमेऱ्यात समोरचा माणूस काळा पडतो. आपला डोळा सवयीने सांभाळून घेतो. फोटो लबाडी करत नाही.

हाच प्रयोग सकाळी, भर दुपारी आणि शाळा सुटायच्या सुमारास करा. ऊन फिरतं. सकाळी उत्तम दिसणारी खोली दुपारी निकामी झालेली मी पाहिली आहे.

फोटोत काय दिसायला हवं? डोक्याच्या थोडं वरपासून कमरेखालपर्यंत आणि दोन्ही बाजूंना कोपर पसरलेले मावतील इतकी रुंदी. सांकेतिक भाषा बोलली जाते ती एवढ्या चौकटीत. टेबलावर संगणकाचा पडदा असेल, पुस्तकांची चळत असेल, भाषणाला वापरतात तसं उंच पोडियम असेल तर चौकटीचा खालचा भाग कापला जातो. पोडियम तर सरळ खोलीबाहेर काढा. त्याच्यामागे उभा राहिलेला शिक्षक छातीच्या वर खुणा करायला लागतो आणि अर्ध्या तासात त्याचे खांदे दुखतात.

आणि चेहरा. नवख्यांची नजर हातांवरच असते, म्हणून हे मुद्दाम सांगते. भाषा-अभ्यासक विल्यम स्टोकी यांनी १९६० मध्ये अमेरिकन सांकेतिक भाषेचं विश्लेषण करून दाखवलं की खुणा म्हणजे हवेत काढलेली चित्रं नव्हेत. हाताचा आकार, जागा आणि हालचाल अशा सुट्या घटकांतून त्या जुळतात, जसे शब्द ध्वनींतून जुळतात. पुढे चेहऱ्याचं कामही उलगडलं. अनेक सांकेतिक भाषांत ‘हो-नाही’चा प्रश्न भुवया उचलून विचारतात. हात तेच, वाक्य तेच, भुवया वर गेल्या की प्रश्न. म्हणजे चेहऱ्यावर सावली पडली की विधान कुठलं आणि प्रश्न कुठला हेच कळेनासं होतं. अशा वेळी मूल ‘गोंधळलेलं’ म्हणून नोंदवहीत जातं, दिव्याची मात्र कुणी चौकशी करत नाही.

नाल मांडा, पण मोजून

रांगांमध्ये बाकं मांडली तर मागच्याला पुढच्यांच्या मानाच दिसतात. सगळे जण घोड्याच्या नालेच्या आकारात बसवा, हे तुम्ही कुठेही वाचाल. मोजमाप सहसा कुणी देत नाही, म्हणून ते देते.

कोपर शेजाऱ्याला न लागता खुणा करायच्या तर एका मुलाला साधारण ९० सेंटिमीटर रुंदी लागते. आठ मुलं म्हणजे ७.२ मीटरचा कंस. तो अर्धवर्तुळात वाकवला तर त्रिज्या २.३ मीटर येते आणि नालेच्या दोन टोकांना बसलेली मुलं एकमेकांपासून ४.६ मीटरवर येतात. एवढ्या अंतरावरून भुवई वर गेलेली आरामात दिसते. बारा मुलांना त्रिज्या ३.४ मीटर होते आणि टोकाचं अंतर जवळजवळ ७ मीटर. हेही चालतं, पण खोली मोठी हवी. वीस मुलं एका नालेत बसवायची म्हटली तर टोकं साडेअकरा मीटर लांब जातात. तेवढी खोली असली तरी पलीकडच्याची बोटं नीट वाचता येत नाहीत. बधिर मुलांचे वर्ग आठ-दहाचे असावेत, असा आग्रह धरला की वरून ‘परवडत नाही’ असं उत्तर येतं. तेव्हा हा हिशेब कागदावर मांडून दाखवा. माझ्या अनुभवात मोजपट्टीपुढे माणसं जास्त नमतात.

शिक्षकाने नालेच्या अगदी मध्यबिंदूवर उभं राहू नये. तिथून टोकाच्या मुलांना त्याची फक्त एक बाजू दिसते, दुसरा हात अंगाआड जातो. आठ मुलांच्या नालेत मध्यबिंदूपासून दीड मीटर मागे सरकलं की टोकाची मुलंही नजरेच्या टप्प्यात येतात आणि सगळ्यात लांबचं मूल चार मीटरच्या आतच राहतं. ती जागा सापडली की जमिनीवर रंगीत चिकटपट्टीची फुली मारा. शिकवण्याच्या भरात माणूस पुढे सरकतो. मी अजूनही सरकते.

मुलं जास्त आहेत, दोन रांगा करणं भाग आहे, अशी वेळ येतेच. मग मागच्या रांगेखाली पायरी बांधतात. पायरीने मागच्यांना शिक्षक दिसतो, हे खरं. पण मागचं मूल उत्तर देतं तेव्हा पुढच्यांना ते दिसत नाही. वर्ग म्हणजे शिक्षक आणि मूल यांच्यातल्या वीस वेगवेगळ्या गप्पा नव्हेत, एकमेकांची उत्तरं बघूनच मुलं निम्मं शिकतात. अशा वर्गात शिक्षकाने बोलणाऱ्याकडे बोट दाखवायचं, सगळ्यांच्या माना वळेपर्यंत थांबायचं आणि मगच त्याला सुरू करू द्यायचं. वेळ जातो. जाऊ द्या.

खुर्च्यांना हात नकोत, कोपर अडकतात. जागच्या जागी फिरणारी खुर्ची उत्तम, पण चाकं नकोत. चाकांच्या खुर्चीवर बसलेलं दहा वर्षांचं मूल स्थिर राहील ही आशा कुणी करू नये. जड लांब बाकांऐवजी एकेकाची टेबलं घ्या. एक बाजू आखूड आणि समोरची लांब, अशी समलंब आकाराची टेबलं जोडली की नाल आपोआप वळते. अगदी लहान मुलं जमिनीवर बसतात, तेव्हा शिक्षकानेही खाली किंवा बुटक्या स्टुलावर बसायचं. गोष्टीचं पुस्तक हातात धरू नका, स्टँडवर उभं करा. दोन्ही हात मोकळे राहतात आणि ‘झाड’ ही खूण चित्रातल्या झाडाच्या शेजारी, कधी थेट पानावर करता येते. मुलाची नजर झाडावरून हलतच नाही.

उजेड

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्या महागात पडतात. तारा भिंतीत गेल्यावरच त्या लक्षात येतात.

शिक्षकाच्या मागे खिडकी नको, हे वर आलंच. मग पहिला मोह होतो तो मुलांची पाठ खिडकीकडे करण्याचा. शिक्षक लख्ख दिसतो, काम झालं असं वाटतं. पण आता शिक्षकाला मुलं काळी दिसतात आणि नालेच्या टोकाच्या मुलांना मधली मुलं. सांकेतिक भाषा दोन्हीकडून चालते. प्रत्येक जण कधी ना कधी बोलणारा असतो. म्हणून खिडकी बाजूला घ्यायची: शिक्षकाच्या डाव्या किंवा उजव्या हाताला. तरीही नालेतल्या कुणा ना कुणाच्या मागे थोडी खिडकी येणारच, कारण नाल तीन बाजूंना वळते. त्याला उपाय म्हणजे उजेड गाळणारे पडदे: पूर्ण अंधार करणारे जाड नकोत, पांढुरके आणि उजेड पसरवणारे हवेत. आडव्या पट्ट्यांचे पडदे टाळा. उन्हात त्यांच्या सावलीचे पट्टे शिक्षकाच्या अंगावर पडतात आणि त्यावर हलणारे हात बघणं डोळ्यांना जाचतं. खिडकीच्या समोरच्या भिंतीवर दिव्यांची रांग दिली की दोन्ही बाजूंचा उजेड सारखा होतो.

आता छताचे दिवे. वर्गासाठी साधारण ३०० ते ५०० लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असावा असं सांगतात, पण तो मोजला जातो टेबलाच्या पृष्ठभागावर, म्हणजे वाचायच्या कागदावर. आपला कागद म्हणजे माणसाचा चेहरा, आणि तो उभा असतो. एकदा मी मोजमापाचं यंत्र आडवं ठेवलं तर चांगले ५०० लक्स आले. तेच उभं करून चेहऱ्याच्या जागी धरलं तर शंभरही भरेनात. डोक्यावर एकच दिवा असला की डोळ्यांच्या खोबणीत आणि नाकाखाली सावली बसते, आणि वर उचललेला हात स्वतःचीच सावली चेहऱ्यावर पाडतो. म्हणून दिवे थेट डोक्यावर नकोत. शिक्षकाच्या समोर, थोडे वर, डावी-उजवीकडून तिरके असावेत. काही दिवे छताकडे तोंड करून लावले, की पांढऱ्या छतावरून परतणारा मऊ उजेड सावल्या भरून काढतो. दिव्याची नळी नुसती डोळ्यात खुपत असेल तर तिला दुधी झाकण घाला.

छताचा पंखा असेल तर एक गोष्ट न विसरता तपासा. दिवा वर आणि पंखा त्याच्या खाली, अशी रचना असली की पात्यांची सावली खोलीभर फडफडत राहते. ऐकणाऱ्यांना ते जाणवतही नाही. दिवसभर हातांकडे बघणाऱ्या मुलांची डोकी दुपारपर्यंत दुखू लागतात. दिवे पंख्याच्या पातळीच्या खाली आणा किंवा पात्यांच्या घेराबाहेर न्या. स्वस्त एलईडी दिव्यांची लुकलुक फोनच्या कॅमेऱ्यात सरकत्या काळ्या पट्ट्यांसारखी दिसते. विकत घेण्याआधी तिथेच फोन धरून बघा.

मग येतो प्रोजेक्टर. प्रोजेक्टर लावला की सगळे दिवे बंद करायचे, ही सवय इतकी खोल आहे की बधिर मुलांच्या वर्गातही हात आपोआप बटणाकडे जातो, आणि अंधारात शिक्षक बोलत राहतो. निदान दिव्यांची बटणं वेगळी करा: फळ्यावरचे दिवे वेगळे, शिक्षकाच्या जागेचे वेगळे, मुलांवरचे वेगळे. पडद्याजवळचा उजेड मंद ठेवूनही शिक्षकावर आणि मुलांवर उजेड राहिला पाहिजे. पैसे असतील तर प्रोजेक्टरऐवजी टीव्हीसारखा मोठा सपाट पडदा घ्या. तो उजेडातही दिसतो आणि शिक्षकाच्या कपाळावर तक्ते उमटत नाहीत.

बधिर मुलांमध्ये काहींना अशर सिंड्रोम असतो. त्यात ऐकण्याच्या दोषाबरोबर दृष्टीही हळूहळू जाते: आधी कमी उजेडात दिसेनासं होतं, मग बाजूचं दिसणं आक्रसत जाऊन बोगद्यातून बघावं तसं होतं. अंधारलेल्या वर्गात चाचपडणारं, बाजूने आलेल्या माणसाला धडकणारं मूल धांदरट आहे असं म्हणण्याआधी त्याचे डोळे तपासून घ्यायला सांगा. अशा मुलासाठी खुणा लहान चौकटीत, छातीजवळ करायच्या आणि त्याला त्याची जागा त्यालाच निवडू द्यायची. कधी कधी ती जवळ नसते, थोडी लांब असते, कारण लांबून अरुंद नजरेत जास्त मावतं.

भिंतीचा रंग

शिक्षकामागची भिंत रिकामी. तक्ते, पताका, मुलांची चित्रं, सगळं बाजूच्या आणि मागच्या भिंतींवर. हे ऐकून चित्रकलेच्या शिक्षिका माझ्यावर रुसल्या होत्या, पण बोटांच्या मागे अठरा फुलपाखरं असतील तर बोटं हरवतात.

रंग असा हवा की त्यावर माणसाचे हात उठून दिसावेत. त्वचा गोरी असो की गडद, तिच्यात पिवळसर-तांबूस छटा असतेच. म्हणून मध्यम गडद, मळकट निळा किंवा हिरवा रंग बहुतेकांना चालतो. पांढरी भिंत चकाकते, क्रीम रंगात गोरे हात बुडतात, गडद तपकिरीत सावळे. रंग मॅट घ्या, तेलकट चकाकीचा नको. फरशीही आरशासारखी नको. कपड्यांनाही हाच नियम: शिकवताना अंगात एकरंगी, त्वचेपासून वेगळ्या छटेचा कपडा. बारीक रेघा, मोठी नक्षी, खळखळणाऱ्या बांगड्या, झगमगती नखं, हे सुटीच्या दिवशी.

फळा, पडदा आणि दुभाषा एका नजरेत

फळ्याकडे तोंड करून बोलणारा शिक्षक ऐकणाऱ्या वर्गात चालून जातो. इथे त्याने पाठ फिरवली की वर्ग बंद पडतो. लिहायचं ते आधी लिहून ठेवा, किंवा लिहा, बाजूला व्हा, मुलांना वाचू द्या, त्यांच्या नजरा परत वर आल्या की मग बोला. नवख्या शिक्षकाला ही शांतता असह्य होते. मनात पाच आकडे मोजा. मुलांना वहीत लिहायचं असेल तेव्हाही तेच: लिहिण्याचा वेळ वेगळा, बघण्याचा वेगळा.

चित्रफीत दाखवायची तर मथळे, म्हणजे बोलणं खाली लिहून येणारं, असलेलीच घ्या, आणि चालू असताना त्यावर टिप्पणी करू नका. थांबवा, बोला, पुन्हा सुरू करा.

दुभाषा असेल तर त्याची जागा बहुतेक वेळा उरलेल्या कोपऱ्यात ठरते. ती आधी ठरवा. मुलाच्या डोळ्यांतून बघितलं तर फळा, शिक्षक आणि दुभाषा जवळजवळ असायला हवेत. मान न वळवता नजर एकावरून दुसऱ्यावर जावी. दुभाष्यामागची भिंत साधी, त्याच्यावर स्वतंत्र दिवा, आणि शिक्षकाने त्याच्यासमोरून येरझाऱ्या घालायच्या नाहीत. वाक्य पूर्ण समजल्याशिवाय भाषांतर होत नाही, त्यामुळे दुभाषा नेहमी काही सेकंद मागे असतो. शिक्षकाने प्रश्न विचारला की ऐकणाऱ्या मुलांचे हात वर जातात तेव्हा बधिर मुलापर्यंत प्रश्न अजून पोचलेलाही नसतो. दुभाष्याचे हात थांबेपर्यंत कुणाला उत्तर द्यायला सांगू नका. दीर्घ तासाला दोन दुभाषी लागतात आणि ते साधारण वीस मिनिटांनी आलटून-पालटून बसतात, म्हणून खुर्च्याही दोन ठेवा.

आवाजाचं काय?

‘बधिरांच्या वर्गाला आवाजाशी काय देणंघेणं,’ असं मला एका कंत्राटदाराने विचारलं होतं. पुष्कळ आहे. अनेक मुलं श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवलेलं यंत्र) वापरतात आणि यंत्र सगळंच मोठं करतं: शिक्षकाचा आवाज, खुर्चीची करकर, बाहेरची वाहनं. घुमणाऱ्या खोलीत यंत्र लावलेलं मूल दमून जातं आणि शेवटी यंत्र काढून खिशात टाकतं. अमेरिकी मानकानुसार नेहमीच्या आकाराच्या रिकाम्या वर्गात मागचा गोंगाट ३५ डेसिबलच्या वर आणि आवाज घुमण्याचा काळ ०.६ सेकंदांच्या वर जाऊ नये. ऐकण्याची अडचण असलेल्या मुलांसाठी तो ०.४ किंवा त्याहून कमी धरतात. खोलीच्या मध्यभागी एक कडक टाळी वाजवा; शेपूट लांबत गेलं तर छताला आवाज शोषणारे तक्ते, भिंतीवर जाड कापडाचे फलक आणि खुर्च्यांच्या पायांना नमद्याच्या टोप्या लावा. टोप्या सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणकारी. विजेचं मोठं कपाट वर्गाच्या भिंतीला लागून असेल तर काही यंत्रांत गुणगुण ऐकू येते, तेही बघा.

कंपाची गोष्ट वेगळी. लाकडी जमिनीवर पाय आपटला की तो पलीकडच्याच्या तळव्याला कळतो. हाक मारायची ही जुनी रीत आहे. काँक्रीटवर ती चालत नाही, तिथे टेबल थोपटतात. पण तीच लाकडी जमीन बाहेरच्या व्हरांड्यातून धावणाऱ्यांचाही निरोप आत आणते आणि दर वेळी आठ माना दाराकडे वळतात. शक्य असेल तर वर्गाची जमीन लाकडी घ्या आणि उंबरठ्याशी ती व्हरांड्यापासून तोडा.

हाक, दार आणि धोक्याची घंटा

दारात शिरताच दिव्याचं एक बटण हवं, मुलाच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर. एकदा मिचकावलं की सगळे बघतात. फक्त ते शिक्षकापुरतं राखून ठेवू नका, मुलालाही वर्गाला हाक मारायची असते. दाराला उभी काच बसवा. ऐकणाऱ्याला पावलांचा आवाज येतो. बधिर मुलाला दार अंगावर उघडलं तेव्हाच कळतं. व्हरांडा अडीच मीटरचा असेल तर दोघं शेजारी चालत, एकमेकांकडे बघत बोलू शकतात आणि समोरून येणाऱ्यालाही वाट उरते.

आगीची सूचना देणारा लखलखता दिवा वर्गात सगळे लावतात. स्वच्छतागृहात विसरतात. एका सरावाच्या दिवशी सगळी शाळा मैदानात उभी होती, मोजणी चुकत होती, आणि एक मुलगा आत शांतपणे हात धूत होता. तेव्हा सराव होता. मूल एकटं असू शकेल अशी प्रत्येक जागा मोजा: स्वच्छतागृह, भांडारखोली, जिना, आजारी मुलांची खोली. हे दिवे सेकंदाला दोनपेक्षा जास्त वेळा लखलखू नयेत, आणि एका नजरेत दोन दिवे येत असतील तर ते एकाच तालात लागावेत. वेगवेगळ्या तालातल्या झोतांनी अपस्मार असलेल्या मुलाला झटका येऊ शकतो.

चित्रीकरणाचा कोपरा

सांकेतिक भाषा रोजच्या वापरात लिहिली जात नाही. मुलाचा निबंध, गृहपाठ, पाठांतर, सगळं चित्रफितीतच राहतं. एका कोपऱ्यात दोन मीटर रुंद निळी किंवा हिरवी भिंत, समोर डावी-उजवीकडून दोन दिवे, स्टँडवर फोन आणि जमिनीवर एक फुली, एवढ्यात काम होतं. फोन आडवा धरा, उभ्या चौकटीत कोपर कापले जातात. आणि हा कोपरा वर्गाच्या पाठीमागे असावा, नाहीतर एकाचं चित्रीकरण म्हणजे सगळ्यांची करमणूक.

पहिला आठवडा

रंग ओला असतानाच दोन-तीन बधिर प्रौढांना खोलीत बोलवा. तपासणीचा तक्ता हातात देऊ नका. चहापाणी करा, गप्पा मारू द्या आणि तुम्ही बाजूला उभ्या राहून बघा, ते कुठल्या खुर्च्या ओढतात, कुठली जागा सोडून देतात, कुणाचे डोळे बारीक होतात. माझ्या शेवटच्या वर्गात तिघंही आल्या आल्या उठले आणि काही न बोलता टेबलावरची फुलदाणी उचलून खिडकीत ठेवून आले. मी ती कौतुकाने मधोमध ठेवली होती.

मुलं आली की पहिला आठवडा फर्निचर जमिनीला पक्कं करू नका. रोज सुटताना खुर्च्या कुठे सरकल्या आहेत त्याचा वरून फोटो घ्या. पाच दिवसांचे पाच फोटो शेजारी ठेवले की नाल कुठे फुगायला हवी ते दिसतं. मग चिकटपट्टी काढून फुली रंगाने काढून घ्या.